रोपाचा तिसरा वैशाख

परभणीहून गंगाखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोखर्णी हे गाव लागते. परळीकडे जाणारा लोहमार्गही गावाजवळून जातो. गावाची ओळख मात्र रस्त्यामुळे वा रेल्वेमुळे नाही, ती येथील नृसिंह मंदिरामुळे. नृसिंह जयंती येते वैशाख शुद्ध चतुर्दशीला, म्हणजे मराठवाड्यातील उन्हाळा अगदी भरात असताना. परभणीत या दिवसांत पारा ४२ ते ४४ अंशांवर जाणे नवे नाही. अशा उन्हात दर्शनाला येणारा माणूस गाडीतून उतरला की त्याची नजर आधी सावली शोधते आणि मग कळस. सावली एखाद्या जुन्या लिंबाची वा वडाची असेल तर पाच मिनिटांत जीव थाऱ्यावर येतो. पत्र्याच्या मांडवाखाली तसे होत नाही. तापलेला पत्रा खाली बसलेल्यांना वरून शेकत राहतो.

हा फरक सर्वांना अनुभवाने ठाऊक आहे, त्यासाठी पुस्तक लागत नाही. म्हणूनच वृक्षारोपणाला विरोध करणारा माणूस गावात सापडत नाही. व्यापारी मंडळे, महिला मंडळे, युवक मंडळे, शाळा, ग्रामपंचायती, सर्वजण झाडे लावतात. तरी परभणीसारख्या शहरांची आणि पोखर्णीसारख्या गावांची सावली त्या प्रमाणात वाढलेली दिसत नाही. याचे कारण पंचांगात सापडते. रोपे लावली जातात आषाढात आणि मरतात वैशाखात. आषाढात छायाचित्रे निघतात, भाषणे होतात, अल्पोपाहार होतो. वैशाखात त्या जागी कोणी फिरकत नाही.

व्यापारी घरांना ही गोष्ट दुसऱ्या भाषेत सांगता येईल. रोप लावणे ही केवळ खरेदी आहे. माल गोदामात आला म्हणून नफा झाला असे कोणताही आडत्या समजत नाही. तो माल टिकला का, विकला गेला का, पैसा वसूल झाला का, हे पाहिल्यावरच खाते मिटते. वृक्षारोपणात मात्र खरेदीच्या दिवशीच खाते मिटवण्याची रीत पडली आहे.

ही रीत केवळ लहान मंडळांची नाही. कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० मध्ये केंद्रीय अन्न व कृषिमंत्री असताना वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली, तेव्हापासून जुलै महिना आणि रोपे यांचे नाते जुळले ते आजतागायत. महाराष्ट्र शासनाने २०१६ च्या १ जुलै रोजी एका दिवसात दोन कोटी रोपांचे लक्ष्य ठेवले. पुढे २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहेतीस कोटी, अशी तीन वर्षांत मिळून पन्नास कोटींची घोषणा झाली. या मोहिमेने खेड्यापाड्यांत झाडांचा विषय पोहोचवला, हे मान्य केले पाहिजे. परंतु लावलेल्यांपैकी किती जगली या प्रश्नावर एवढा वाद झाला की २०२१ मध्ये चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. कोणत्या पक्षाचे म्हणणे खरे, हा येथे मुद्दा नाही. लावलेल्या रोपांची संख्या प्रत्येकाला तोंडपाठ असते आणि जगलेल्या झाडांची संख्या शोधून काढावी लागते, एवढे त्यातून दिसले.

मराठवाड्यात झाड जगवणे कठीण आहे, हेही खरे. राष्ट्रीय वननीतीने १९८८ मध्ये देशाच्या भूभागापैकी एक तृतीयांश भाग वृक्षाच्छादित असावा असे उद्दिष्ट ठेवले. परभणी जिल्ह्यात वनाच्छादन एक टक्क्याच्या आसपास घुटमळते. शेजारच्या लातूरची स्थिती त्याहून बिकट आहे. येथील काळी कसदार जमीन कापसाला, ज्वारीला, तुरीला उत्तम. कोवळ्या रोपाला मात्र ती दोन्ही ऋतूंत त्रास देते. पावसाळ्यात ती फुगते, पाणी धरून ठेवते आणि मुळांना हवा मिळत नाही. उन्हाळ्यात तीच जमीन आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांमध्ये बारीक मुळे अक्षरशः तुटतात. पाऊस कमी पडतो असेही नाही. पण तो चार महिन्यांत, त्यातही मोजक्या दिवसांत कोसळतो आणि मधले खंड मोठे असतात. ऑक्टोबरपासून जूनपर्यंतचे आठ महिने रोपाने काढायचे असतात. मूळ खोलवर जाऊन ओलाव्याला भिडायला साधारण तीन वर्षे लागतात. तिसरा वैशाख ज्या रोपाने पाहिला, त्याची काळजी पुष्कळशी मिटते.

म्हणून एखाद्या गावाने किती झाडे लावली यापेक्षा त्याने तिसऱ्या वैशाखापर्यंत पाणी कसे पोहोचवले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. या प्रश्नाचे एक उत्तर परभणीपासून फार दूर नाही.

लातूर शहराचे नाव २०१६ मध्ये देशभर गाजले ते पाण्याच्या रेल्वेमुळे. त्या वर्षी एप्रिलमध्ये ‘जलदूत’ ही रेल्वेगाडी मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून लातूरला पाणी घेऊन आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले आणि त्यानंतर काही महिने या खेपा चालू राहिल्या. एका भरलेल्या व्यापारी शहराला, जिथल्या डाळींच्या बाजाराचे भाव देशभर विचारले जातात, प्यायचे पाणी रेल्वेने आणावे लागले. त्या उन्हाळ्याची आठवण लातूरकरांच्या मनातून गेली नाही. पाठोपाठ २०१८ चा पावसाळा पुन्हा दगा देऊन गेला आणि २०१९ च्या जूनमध्ये काही नागरिकांनी एकत्र येऊन ‘ग्रीन लातूर वृक्ष टीम’ या नावाने काम सुरू केले.

या कामाचे वेगळेपण झाडांच्या संख्येत शोधू नये. ते दैनंदिनीत आहे. डॉक्टर, व्यापारी, शिक्षक, नोकरदार, गृहिणी, विद्यार्थी अशी माणसे सकाळी एकत्र येतात, तास-दोन तास श्रमदान करतात आणि आपापल्या कामाला जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. सण असो, पाऊस असो, लग्नसराई असो, श्रमदानाचा दिवस मोडू द्यायचा नाही, हा नियम त्यांनी पाळला आणि हजाराहून अधिक दिवस तो अखंड चालला. खड्डे खोदणे हे त्यातले लहान काम. मोठे काम म्हणजे पाणी देणे, आळी करणे, तण काढणे, वाकलेल्या रोपाला आधाराची काठी बांधणे, कचरा उचलणे आणि रस्त्याच्या दुभाजकांतील झाडांना टँकरने पाणी घालणे. यातले एकही काम वर्तमानपत्रात पहिल्या पानावर छापण्याजोगे नाही. परंतु ज्या शहराने रेल्वेचे पाणी प्यायले, त्याच शहराच्या दुभाजकांवर उन्हाळ्यात हिरवी झाडे दिसू लागली ती याच कामांमुळे.

लातूरचा नियम दुसऱ्या गावाने जसाच्या तसा घेतला तर तो टिकेलच असे नाही. रोज सकाळी पंचवीस-तीस माणसे जमणे लहान गावाला झेपत नाही. दुकाने सांभाळणाऱ्या घरांत सकाळ ही मालाच्या गाड्यांची, बँकेची आणि हिशेबाची वेळ असते. पहिल्या आठवड्यात पन्नास जण येतात, दिवाळीपर्यंत सात उरतात आणि संक्रांतीनंतर एकटा कोणी तरी बादली घेऊन जातो. अशा एकट्या माणसावर गावाची हिरवळ टांगून ठेवणे योग्य नव्हे. तेव्हा ज्या गावाला वेळ देता येत नाही, पण पैसा देता येतो, त्याने वेगळी व्यवस्था पाहावी.

तशी व्यवस्थाही उपलब्ध आहे आणि तिचे नाव महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींना चांगले परिचित आहे: बिहार पॅटर्न. उत्तर बिहारमधील तिरहुत विभागाचे तत्कालीन आयुक्त एस. एम. राजू यांनी २००९ मध्ये रोजगार हमीच्या कायद्याला वृक्षलागवड जोडली. गरजू कुटुंबाकडे दोनशे झाडे सोपवायची आणि मजुरी द्यायची ती झाडे जगवल्याबद्दल. नव्वद टक्के झाडे जिवंत असतील तर पूर्ण मजुरी, पंच्याहत्तर-ऐंशी टक्के असतील तर निम्मी, त्याहून कमी राहिली तर काम दुसऱ्या कुटुंबाकडे. वृद्ध, विधवा, अपंग अशा, जड काम न झेपणाऱ्या माणसांना यात प्राधान्य होते. पुढे महाराष्ट्रातही रस्त्याच्या कडेने दोनशे झाडांचा एक गट या हिशेबाने अनेक जिल्ह्यांत कामे झाली. जेथे मजुरी वेळेवर मिळाली तेथे झाडे उभी राहिली. जेथे ती सहा-सहा महिने अडकली तेथे झाडेही अडकली. यात आश्चर्य काहीच नाही.

या पद्धतीतले मर्म मोंढ्यातल्या माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. खड्ड्यागणिक पैसे दिले की खड्डे मिळतात. जगलेल्या झाडागणिक दिले की झाडे मिळतात. शासकीय मजुरी उशिरा येते हा या व्यवस्थेचा दुबळा भाग. तो स्थानिक व्यापारी मंडळ सहज भरून काढू शकते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला झाडे मोजायची आणि त्याच दिवशी राखणदाराच्या हातात पैसे ठेवायचे, एवढी शिस्त बाजारपेठेला जड नाही. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात मेदेयिन शहराने २०१६ ते २०१९ या काळात रस्ते आणि ओढ्यांच्या कडेने तीस हरितमार्ग उभारले व शहराचे तापमान सुमारे दोन अंशांनी उतरल्याची नोंद झाली. तेथेही नगरपालिकेने गरीब वस्त्यांतील स्त्री-पुरुषांना माळीकामाचे शिक्षण देऊन पगारावर ठेवले. झाडांमागे पगारी माणूस असणे ही कमीपणाची बाब नाही. त्याशिवाय शहर हिरवे झाल्याची उदाहरणे विरळा.

आता पाण्याचा हिशेब. शंभर रोपे धरली आणि प्रत्येकाला एका वेळी दहा लिटर पाणी दिले, तर एका पाळीला एक हजार लिटर लागतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आठवड्यातून एकदा पाणी पुरते. हे साधारण सतरा आठवडे, म्हणजे सतरा हजार लिटर. तेथून जूनच्या मध्यापर्यंत आणखी सतरा आठवडे आणि आठवड्यातून दोन पाळ्या, म्हणजे चौतीस हजार लिटर. वर्षाचे झाले एक्कावन्न हजार. पाच हजार लिटरचे दहा टँकर. तीन वर्षांचे तीस. शंभर झाडांची खरी किंमत रोपवाटिकेच्या पावतीवर नसते, ती या तीस टँकरांत असते. ज्या मंडळाला तीस टँकर झेपत नाहीत, त्याने शंभर रोपे लावू नयेत. वीस लावावीत, वीस झाडांना सहा टँकर पुरतात.

याच ठिकाणी एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळता येत नाही. ज्या वर्षी गावाला टँकरने पिण्याचे पाणी येते, त्या वर्षी झाडांसाठी टँकर मागवणे कितपत योग्य? माणसे आणि गुरे आधी, याबद्दल दुमत असू शकत नाही. तथापि घरात आणि दुकानात वापरून झालेले पुष्कळ पाणी रोपाला चालते: भाजी-तांदूळ धुतलेले, फरशी पुसलेले, वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे. जारचे पाणी विकणाऱ्या शुद्धीकरण केंद्रांतून वाहून जाणारे पाणी मात्र क्षारयुक्त असते. ते सलग घातले तर काळ्या जमिनीत मीठ साठते, म्हणून ते जपून आणि मिसळूनच वापरावे. खर्च न करता पाणी निम्म्यावर आणण्याचे उपाय जुनेच आहेत. रोपाशेजारी तळाला बारीक छिद्र पाडलेले मातीचे मडके पुरले आणि ते भरून झाकले, तर पाणी मुळांपाशी झिरपत राहते. आळ्यात पालापाचोळ्याचा वीतभर थर दिला तर ऊन मातीपर्यंत पोहोचत नाही आणि भेगाही कमी पडतात. रुग्णालयातून टाकून दिलेल्या सलाइनच्या बाटल्याही अनेक गावांत रोपांना टांगलेल्या दिसतात. त्या स्वच्छ केलेल्या असाव्यात आणि नंतर तेथेच फेकून देऊ नयेत, एवढे पथ्य पाळले की झाले.

थेंबाथेंबाने पाणी देण्याच्या बाबतीत महाराष्ट्रातील व्यापारी घरांना आपले म्हणून सांगता येईल असे एक नाव आहे. जळगाव जिल्ह्यातील वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये रॉकेलच्या विक्रीपासून व्यवसायाला प्रारंभ केला आणि पुढे ठिबक सिंचन शेतकऱ्यांपर्यंत नेले. जळगावजवळ शिरसोली रस्त्यावरची ओसाड, खडकाळ टेकडी त्यांनी निवडली, उतारावर चर काढून पावसाचे पाणी अडवले, तळी केली, ठिबकच्या नळ्या अंथरल्या आणि वर्षानुवर्षे झाडे राखली. जैन हिल्स या नावाने ती टेकडी आज ओळखली जाते. आधी पाणी अडवले आणि मग झाडे लावली, हा तेथील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. बहुतेक ठिकाणी तो उलट असतो.

झाडांच्या जातींबद्दल फार मोठी चर्चा होते, वास्तविक तेवढी गरज नाही. परभणी भागात कडुनिंब, वड, पिंपळ, उंबर, चिंच, करंज, शिरीष, बेल, अर्जुन, जांभूळ ही झाडे पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहेत. त्यांत प्रत्येकाची जागा वेगळी. वड-पिंपळ इमारतीपासून आणि विजेच्या तारांपासून दूर, मोकळ्या मैदानात वा तळ्याकाठी, अर्जुन ओढ्याकाठी, लिंब आणि करंज रस्त्याला. लवकर वाढते म्हणून परदेशी झाड आणण्याचा मोह आवरावा. दुभाजकांवर सर्रास लावल्या जाणाऱ्या कोनोकार्पसवर गुजरात सरकारला २०२३ मध्ये बंदी घालावी लागली. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या दाट लागवडीच्या पद्धतीची सध्या चलती आहे. एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपे लावून दोन-तीन वर्षे भरपूर पाणी दिले तर ती पद्धत झटपट हिरवळ देते. पण तिला लागणारे पाणी मराठवाड्यातील प्रत्येक गावाजवळ नाही आणि रस्त्याने चालणाऱ्याला, बसस्थानकावर थांबलेल्याला त्या कुंपणाआडच्या जंगलाची सावली मिळत नाही.

जागेची निवड मात्र जातीपेक्षाही महत्त्वाची आहे. मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत रस्ते रुंद झाले आणि त्यात जुन्या लिंबाच्या आणि चिंचांच्या रांगा गेल्या. नवी रोपे पुन्हा रस्त्याच्या कडेलाच लावली जातात. दहा वर्षांनी रस्ता पुन्हा रुंद होईल तेव्हा ऐन भरात आलेली झाडे पुन्हा कुऱ्हाडीखाली येतील. सार्वजनिक बांधकाम विभागाकडे हद्दीची चौकशी केल्याशिवाय रस्त्याकडेला रोप लावणे म्हणजे दुसऱ्याच्या भाडेपट्ट्यावर घर बांधण्यासारखे आहे. शाळेचे मैदान, स्मशानभूमी, गावतळ्याचा काठ, बाजार समितीचे आवार, मंदिराची आणि धर्मशाळेची मोकळी जागा, या जागा सुरक्षित आहेत. मोंढ्याच्या आवाराचा तर अग्रक्रमाने विचार व्हावा. भर उन्हाळ्यात तुरीची आणि हळदीची पोती उतरवणारा हमाल, गाडीत ताटकळलेला शेतकरी, मालमोटारीचा चालक हे सारे दुपारी पत्र्याच्या सावलीत बसतात. त्यांच्या घामावर ज्या पेढ्या चालतात, त्या पेढ्यांनी आवारात वीस लिंब वाढवले तर त्यात उपकार नाही.

व्यापारपेठेत झाडाचे वैर करणारे हातही व्यापाऱ्यांचेच असतात, हे कटू असले तरी सांगितले पाहिजे. दुकानाचा फलक झाकला जातो म्हणून फांद्या छाटल्या जातात. पार्किंगला अडचण होते म्हणून बुंध्याभोवती सिमेंट ओतले जाते आणि पाण्याला वाट न राहिल्याने झाड आतून वाळते. मग एखाद्या वादळात ते कोसळले की झाडाला दोष दिला जातो. जाहिरातीच्या पाट्या खिळ्यांनी बुंध्यात ठोकल्या जातात. हे खिळे उपटून काढण्याची ‘खिळेमुक्त झाडे’ ही मोहीम ‘आंघोळीची गोळी’ या गमतीदार नावाच्या संस्थेने चालवली आणि तिच्याबरोबर अनेक शहरांत तरुण पक्कड-हातोडी घेऊन फिरले. नव्याने रोपे लावण्याआधी आपल्या पेठेतील जुन्या झाडांचे खिळे काढणे आणि बुंध्याभोवतीचे सिमेंट हातभर फोडून माती मोकळी करणे, हे काम एका रविवारात होते आणि त्याचे फळ त्याच पावसाळ्यात दिसते.

नागरी भागातील झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे. परवानगीशिवाय झाड तोडणे हा त्यात शिक्षापात्र गुन्हा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून अधिक वयाच्या झाडाला ‘हेरिटेज वृक्ष’ मानले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे व सात वर्षे जगवण्याचे बंधन घातले. साठ वर्षांच्या लिंबापोटी साठ रोपे आणि सात वर्षांचे पाणी: कायद्यानेही जुन्या झाडाचा भाव लावला आहे, तो असा. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’तही रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेली झाडे धन्याच्या राजीखुशीवाचून आणि मोल दिल्यावाचून तोडू नयेत, असा हुकूम आहे.

जैन घरांत या विषयाकडे पाहण्याची एक दृष्टी लहानपणापासून मिळालेली असते. मंदिरांच्या भिंतींवर आणि पाठशाळांच्या तक्त्यांवर जांभळाच्या झाडाचे चित्र अनेकांनी पाहिले असेल. सहा भुकेले वाटसरू. एक झाड मुळापासून तोडू म्हणतो, दुसरा मोठी फांदी, तिसरा डहाळी, चौथा घोस, पाचवा फक्त पिकली फळे आणि सहावा खाली पडलेली जांभळे वेचतो. कृष्णलेश्येपासून शुक्ललेश्येपर्यंतचे मनाचे सहा रंग मुलांना याच चित्रावरून शिकवले जातात. फलकासाठी फांदी छाटताना या चित्रातला आपला क्रमांक कोणता, हे ठरवण्यास पंडिताची आवश्यकता नाही. भगवान ऋषभदेवांना केवलज्ञान वटवृक्षाखाली झाले, भगवान महावीरांना शालवृक्षाखाली. प्रत्येक तीर्थंकरांचा चैत्यवृक्ष आहे आणि समवसरणात अशोकवृक्ष आहे. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत जंगल तोडून केलेला आणि कोळसा पाडून केलेला व्यापारही येतो.

याच दृष्टीने पाहिले तर लावून विसरलेल्या रोपाचा प्रश्न अधिक टोचतो. वनस्पती हा एकेंद्रिय जीव आहे असे मानणाऱ्याने रोपवाटिकेत ओलाव्यात सुखरूप असलेला जीव उचलून आणावा, भेगाळलेल्या जमिनीत रोवावा, त्याच्याशेजारी उभे राहून छायाचित्र काढावे आणि मग त्याला उन्हात सोडून द्यावे, यात पुण्य किती आणि प्रमाद किती, हा प्रश्न चातुर्मासात महाराजसाहेबांना जरूर विचारण्याजोगा आहे. एका अर्थाने, जो पाणी घालू शकत नाही त्याने रोप न लावणे हेच अधिक अहिंसक.

समाजात दान देणारे हात कमी नाहीत. जन्मदिवस, पुण्यतिथी, तपाचे पारणे, दुकानाचे उद्‌घाटन अशा निमित्तांनी रोपे वाटली जातात आणि नावाची पाटीही लागते. पाटीला हरकत नाही. फक्त ती तीन वर्षांनी लावावी, झाड उभे असल्यास. आणि बोली लावायचीच असेल तर ती रोपाची न लावता तिसऱ्या वर्षीच्या दहा टँकरांची लावावी. पहिल्या वर्षी उत्साह असतो, दुसऱ्या वर्षी आठवण असते. तिसऱ्या वर्षीचे पाणी बहुधा कोणाच्याच यादीत नसते आणि नेमके तेच कमी पडते.

कामाचा क्रमही आषाढाऐवजी आधीच्या वैशाखापासून धरावा. दीड-दोन फूट खोल खड्डे एप्रिल-मे मध्येच खणून उघडे ठेवले की ऊन खात माती भुसभुशीत होते आणि किडींची अंडी मरतात. काळ्या मातीत थोडा मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळले तर पाणी साचत नाही. सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकेत आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात चौकशी करून कमरेपेक्षा उंच, दोन वर्षे वाढलेली रोपे मे महिन्यातच सांगून ठेवावीत. वीतभर रोप शेळीच्या एका घासाचे असते. जमिनीत ओल उतरल्यावर, म्हणजे दोन चांगले पाऊस झाल्यावर लागवड करावी आणि त्याच दिवशी जाळी बसवावी. दिवाळीनंतर गवत वाळू लागले की रोपांभोवती हातभर जागा साफ ठेवावी; मराठवाड्यातील कित्येक लागवडी पाण्यावाचून नव्हे, कोणी टाकलेल्या विडीने जळून गेल्या.

राहिला मे महिना. शाळांना सुट्टी लागते, बहुतेक कुटुंबे मुलांना घेऊन आजोळी जातात, काही शिखरजीच्या किंवा पालीताण्याच्या यात्रेला निघतात, लग्नसराईत उरलेली माणसे बाहेरगावी असतात. दुकान मात्र उघडे असते आणि गुमास्ता गावातच असतो. म्हणून पाण्याच्या पाळ्यांचा तक्ता मालकाच्या नावाने न करता दुकानाच्या नावाने करावा, तो गल्ल्याशेजारी लावावा आणि मंगळवार-शनिवारच्या पाळीचे पैसे गुमास्त्याच्या पगारात वेगळे धरावेत.